सीरियल पोर्टसाठी कुठला टर्मिनल प्रोग्राम घ्यावा? बोटीवरच्या कामाच्या हिशोबाने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींवर जीपीएस, फिशफाइंडर, एआयएस (आजूबाजूची जहाजं दाखवणारं यंत्र) बसवायचं काम करणाऱ्या एका भावाने विचारलंय की लिनक्सवाल्या जुन्या लॅपटॉपवरून सीरियल पोर्टला जोडायला कमांड लाईनचा कुठला प्रोग्राम चांगला. सध्या मिनिकॉम वापरतायत, जीपीएसकडून येणाऱ्या ओळी झकास दिसतात पण इकडून काही टाईप केलं तर तिकडे पोचतच नाही, एआयएसवर तर नुसता कचरा दिसतो. कोणी सांगतं स्क्रीन वापर, कोणी पिकोकॉम, कोणी म्हणतं विंडोज टाक आणि पुटी घे. शिवाय एका बोटीवर रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) बसवून रात्रभराचा डेटा साठवायचाय, तो ह्याच प्रोग्रामने जमेल का. आणि जेट्टीवर नेटची बोंब, त्यामुळे ऐनवेळी काही डाउनलोड करता येत नाही.

भाऊ, मी देवगड-मालवण पट्ट्यात हेच काम करतो, आधी ऑफिसांची नेटवर्कं करायचो, त्यामुळे सीरियल केबल दोन्हीकडे हाताळलीय. सरळ सांगायचं तर हाताने करायच्या कामाला पिकोकॉम घ्या, तासन्‌तास बघत बसायचं असेल तर टिओ घ्या, आणि रात्रभर माणसाशिवाय चालायचं असेल तर ह्यातलं काहीच नको, त्याचं वेगळं सांगतो खाली. पण नुसतं नाव घेऊन गेलात तर पुढच्या बोटीवर परत अडकाल, म्हणून कारणं वाचा.

हे सगळे प्रोग्राम आतून करतात एकच काम, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतात की हा पोर्ट उघड, स्पीड एवढा ठेव, आणि मग तुमची अक्षरं तिकडे नि तिकडची इकडे. ह्यात कोणी फार हुशार नाही की कोणी फार ढ नाही. फरक पडतो तो तुम्हाला न विचारता हे प्रोग्राम काय काय ठरवून टाकतात त्याने. फ्लो कंट्रोल (समोरच्याने हो म्हटल्यावरच पाठवायची पद्धत) चालू ठेवतात का, एंटर मारल्यावर नेमके कुठले बाइट पाठवतात, पोर्ट उघडताना नि बंद करताना डीटीआरची लाईन (आपण तयार आहोत हे समोरच्याला कळवणारी) हलवतात का, केबल सुटली तर काय करतात. माझ्या मते निवड ह्याच गोष्टींवर करावी, रंग आणि मेनू बघून नाही.

आता तुमचं "दिसतं पण लिहिता येत नाही". हे मिनिकॉमचं जुनं दुखणं आहे आणि औषध एका मिनिटाचं आहे. मिनिकॉम बहुतेक ठिकाणी हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवूनच येतो. तो मुळात डायल-अप मोडेमच्या जमान्यातला, डॉसवरच्या टेलिक्सच्या धर्तीवर केलेला, आणि मोडेमला ह्या दोन जास्तीच्या लाइनी, आरटीएस आणि सीटीएस, लागायच्या. समोरच्याने सीटीएस वर केली की मगच आपण पाठवायचं, रेल्वे फाटकावर गेटमन झेंडी दाखवेपर्यंत गाडी उभी तसं. पण बोटीवरच्या जीपीएसच्या केबलमध्ये वायरी असतात तीन, येणारी, जाणारी आणि ग्राउंड. झेंडी दाखवायला तिकडे कोणी नाहीच. मग तुमची अक्षरं लॅपटॉपच्या बफरमध्ये बसून राहतात, आणि येणाऱ्या अक्षरांना ह्याचं काही देणंघेणं नसल्याने ती मजेत दिसत राहतात. कधी कधी बाहेर पडताना प्रोग्राम अडकल्यासारखा होतो तेही ह्यामुळेच, तो ती न गेलेली अक्षरं जायची वाट बघत असतो.

उपाय: मिनिकॉम डॅश एस देऊन सुरू करा, सीरियल पोर्ट सेटअपमध्ये जा, एफ दाबा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल नो करा, डीएफएल म्हणून सेव्ह करा, संपलं. एवढं केलंत तर मिनिकॉमसुद्धा तुम्हाला पुरेल, खरंच सांगतो. ज्यांना हात बसलाय त्यांना मी तो सोडा म्हणत नाही.

मग मी पिकोकॉम का वापरतो? कारण तो गप्प असतो. ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, असा तो सुरू होतो, आणि सुरू होताना सगळी सेटिंग्ज स्क्रीनवर छापतो, म्हणजे काय चालू आहे त्याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. सेटिंगची फाइल नाही, मेनू नाही. कोणाच्याही लॅपटॉपवर बसलो तरी तो तसाच वागतो, आधीच्या माणसाने काय सेव्ह करून ठेवलंय त्याची भानगड नाही. वापरायचं असं: पिकोकॉम, मग डॅश बी आणि स्पीड, मग पोर्टचं नाव. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून मग कंट्रोल-एक्स. ही एवढी एक गोष्ट लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून ठेवा, कारण सीरियलवाल्या प्रोग्राममध्ये शिरणं सगळ्यांना जमतं, बाहेर पडताना लोक खिडकीच बंद करून टाकतात.

आणि त्यातली माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे चालू असतानाच स्पीड बदलता येतो, कंट्रोल-ए कंट्रोल-यू ने वर, कंट्रोल-ए कंट्रोल-डी ने खाली. इथे तुमच्या एआयएसचा विषय येतो. बोटीवरची बहुतेक जुनी उपकरणं एनएमईए ०१८३ (बोटीवरच्या यंत्रांची ठरलेली भाषा) बोलतात आणि त्याचा ठरलेला स्पीड ४८००. पण एआयएसला तेवढा पुरत नाही म्हणून तो ३८४०० वर असतो. तुम्ही जीपीएसची सेटिंग तशीच ठेवून एआयएसची केबल लावली असेल तर कचराच दिसणार. ४८०० वरून तीनदा वर गेलात की ३८४०० येतो, आणि स्पीड बरोबर लागल्याक्षणी उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दिसायला लागतात, एआयव्हीडीएम म्हणजे आजूबाजूच्या जहाजांच्या, एआयव्हीडीओ म्हणजे आपल्याच बोटीच्या. जीपीएसच्या ओळी डॉलर चिन्हाने सुरू होतात. दोन्हींत शेवटी तारा आणि त्यापुढे दोन अक्षरांचं चेकसम, म्हणजे ओळ बरोबर आली का ते पडताळायचा आकडा. हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

आता स्पीड सगळे फिरवून बघितले आणि तरी कचराच, तर प्रोग्राम बदलू नका, वायर बघा. एनएमईएच्या उपकरणातून डेटाच्या दोन वायरी निघतात, ए आणि बी. लॅपटॉपच्या आरएस २३२ (जुन्या सीरियल पोर्टच्या सिग्नलची पद्धत) अडॅप्टरच्या रिसीव्ह पिनला, म्हणजे नऊ पिनांच्या कनेक्टरच्या २ नंबरला, ए जायला हवी. बी लागली तर सिग्नल उलटा होतो आणि स्पीड बरोबर असूनही कचराच दिसतो. दुसरी गंमत अडॅप्टरची. बाजारात आरडुइनोवाल्यांसाठी स्वस्तातले ३.३ व्होल्टचे टीटीएल अडॅप्टर मिळतात, ते इथे चालत नाहीत. त्यात सिग्नल आरएस २३२ च्या उलटा असतो, म्हणजे कचरा तर दिसेलच, शिवाय आरएस २३२ चं व्होल्टेज आत गेलं तर पिन उडायची शक्यता. दोन्ही अडॅप्टर लिनक्सला टीटीवाययूएसबी० म्हणूनच दिसतात, त्यामुळे प्रोग्रामला बिचाऱ्याला ह्यातलं काही कळत नाही.

मालवणातला एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मला नेहमी म्हणतो, "मशीन खराब आसा काय वायर, तेवढा सांग." त्याला बाकी स्पीड-बिड काही ऐकायचं नसतं आणि त्याचं बरोबरच आहे. ते सांगायला एक सोपी चाचणी आहे. केबल उपकरणापासून सोडवा, लॅपटॉपकडच्या कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडा, आणि टाईप करा. टाईप केलेलं अक्षर परत स्क्रीनवर आलं तर लॅपटॉप, अडॅप्टर आणि प्रोग्राम तिघेही ठीक. तुकडा काढला की अक्षर यायचं थांबलं पाहिजे, नाही थांबलं तर लोकल इको (टाईप केलेलं प्रोग्रामने स्वतःच दाखवणं) चालू राहिलाय, ती चाचणी धरू नका. मग हाच तुकडा केबलच्या दुसऱ्या टोकाला लावून परत बघा, म्हणजे केबलचाही निकाल लागतो. आपल्याकडे दहातल्या बऱ्याच वेळा दोष तिथेच निघतो, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडलेल्या असतात, बाहेरून वायर धडधाकट आणि इन्सुलेशनच्या आत तांबं काळं ठिक्कर. आणि हो, मिनिकॉममध्ये फ्लो कंट्रोल चालू ठेवून ही चाचणी केलीत तर काहीच परत येणार नाही आणि तुम्ही चांगला अडॅप्टर फेकून द्याल, म्हणून पण ते आधी बंद करा.

आता पाठवण्याबद्दल थोडं, कारण फ्लो कंट्रोल बंद केल्यावर तुम्ही पुढच्याच पायरीवर अडकणार आहात. एनएमईएच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट लागतात, कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड. तुम्ही एंटर मारता तेव्हा हे प्रोग्राम साधारणपणे फक्त कॅरेज रिटर्न पाठवतात. त्यामुळे तुम्ही कमांड अगदी बरोबर लिहिली तरी काही उपकरणं ढिम्म हलत नाहीत, ती लाईन फीडची वाट बघत असतात. पिकोकॉममध्ये ह्यासाठी ओमॅप नावाचा पर्याय आहे, त्याला सीआरसीआरएलएफ अशी किंमत दिली की एंटरला दोन्ही बाइट जातात. दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये असाल आणि पर्याय सापडत नसेल तर एंटर मारा आणि लगेच कंट्रोल-जे दाबा, कंट्रोल-जे म्हणजेच लाईन फीड, जुनीच युक्ती आहे. उलट बाजूने, म्हणजे येणाऱ्या ओळी पायऱ्या पायऱ्यांनी उजवीकडे सरकत जात असतील तर समोरचा फक्त लाईन फीड पाठवतोय, तिथे पिकोकॉमला आयमॅप देऊन एलएफसीआरएलएफ म्हणायचं. जीपीएसच्या बाबतीत हे लागणार नाही, पण घरी बनवलेल्या आरडुइनो-ईएसपीच्या जुगाडांवर लागतं.

दुसरं, कमांडच्या शेवटी चेकसम बरोबर हवा. मीडियाटेकच्या चिपवाल्या जीपीएसला सेकंदाला एकदा पोझिशन दे असं सांगायचं तर डॉलर, पीएमटीके२२०, स्वल्पविराम, १०००, तारा, १एफ. त्यातला १००० म्हणजे मिलिसेकंद. हे १००० बदलून १०० केलंत तर शेवटचं १एफही बदलतं, नुसता आकडा बदलून चालत नाही, उपकरण ओळच टाकून देतं. हे हाताने टाईप करताना एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून, म्हणून ओळी आधीच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि तिथून कॉपी-पेस्ट करा. आणि सेकंदाला दहा वेळा पोझिशन मागायच्या फंदात ४८०० वर पडू नका. ४८०० म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं, एनएमईएची एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची, म्हणजे पूर्ण लांबीच्या ओळी असतील तर सेकंदाला पाचच मावतात. पाइप तेवढाच आहे, जास्त ओतलंत तर ओळी तुटतात आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर खराब.

जाता जाता, ओळी वाचता यायला लागल्या की एक फसगत टाळा. आरएमसीच्या ओळीत (जीपीएसची वेळ आणि पोझिशन देणारी ओळ) वेळेनंतर एक अक्षर असतं, ए असेल तर फिक्स, म्हणजे खरी पोझिशन, मिळालाय, व्ही असेल तर नाही, मग बाकीची पोझिशन वाचूच नका, अँटेनाची वायर बघा. आणि अक्षांश अंश-मिनिटांत असतो. मिरकरवाड्याला उभे असाल तर आकडा १६५९ च्या आसपास सुरू होईल, म्हणजे १६ अंश ५९ मिनिटं. तो कोणी १६.५९ अंश म्हणून मोबाईलच्या नकाशात टाकला तर बोट विजयदुर्गाच्या बाजूला दिसते आणि मग ज्याने सेट बसवला त्याच्या नावाने शिमगा.

स्क्रीनबद्दल. बऱ्याच मशीनवर आधीच असतो, मॅकवर तर असतोच, आणि स्क्रीन, पोर्ट, स्पीड एवढं लिहिलं की चालू होतो, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना तो सोपा वाटतो. मी राउटर-स्विचच्या कन्सोलला अडीनडीला वापरलाय. पण तो मुळात सीरियलचा प्रोग्राम नाही, एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवायचा प्रोग्राम आहे आणि सीरियल ही त्यातली जोडसोय. ओळींच्या शेवटचे बाइट बदलायची सोय नाही. आणि मोठा धोका असा की खिडकी बंद केलीत किंवा कंट्रोल-ए डी दाबलंत तरी तो मागे जिवंत राहतो आणि पोर्ट धरून ठेवतो. मग तुम्ही दुसरा प्रोग्राम लावता, आणि तो पोर्ट बिझी म्हणून उघडतच नाही, किंवा उघडलाच तर दोघे मिळून एकाच पोर्टमधून वाचायला लागतात, अर्धी अक्षरं ह्याला अर्धी त्याला. स्क्रीनवर डॉलरच्या ओळी अर्ध्यामुर्ध्या, मधलेच तुकडे गायब, असं दिसलं तर आधी पोर्ट कोणी धरलाय ते बघा, फ्यूझर किंवा एलएसओएफ ह्या कमांडने कळतं. ओपनसीपीएन (नकाशाचा प्रोग्राम) मागे चालू असला किंवा जीपीएसडी (मागे राहून जीपीएस वाचणारा प्रोग्राम) सुरू असला तरी हेच होतं. स्क्रीनमधून खरोखर बाहेर पडायचं तर कंट्रोल-ए, मग के, मग वाय.

टिओ हा त्यामानाने नवा, आणि आपल्या कामासाठी त्याची एकच गोष्ट लाखमोलाची आहे, केबल सुटली किंवा उपकरण बंद पडून परत चालू झालं तर तो आपोआप परत जोडून घेतो. इंजिन स्टार्ट केलं की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं हे तुम्हाला सांगायला नको, त्यावेळी यूएसबी अडॅप्टर क्षणभर गायब होतो. पिकोकॉम अशा वेळी शून्य बाइट वाचले म्हणून तक्रार करून बंद पडतो, तुम्ही खाली केबिनमध्ये असाल तर कळतही नाही. टिओ वाट बघत बसतो. शिवाय पर्याय दिला तर प्रत्येक ओळीपुढे वेळ छापतो, लॉग फाइल करतो, आणि ४८०० वाला जीपीएस, ३८४०० वाला एआयएस अशी नावं देऊन सेटिंग फाइलमध्ये ठेवता येतात. सांगितलं नाही तर तो ११५२०० धरून चालतो, तेवढं लक्षात ठेवा. बाहेर पडायला कंट्रोल-टी आणि क्यू. जुन्या डिस्ट्रोमधलं व्हर्जन जुनं असतं आणि काही पर्यायांची नावं बदललीत, म्हणून तुमच्या मशीनवरची मदत वाचूनच कमांड पक्की करा.

मग मी सगळीकडे टिओच का सांगत नाही? त्या परत जोडण्यामुळेच. दोष शोधताना मला कनेक्शन तुटलेलं दिसायला हवं, पिकोकॉम बंद पडला की मला कळतं वायर हलली. हे माझं मत झालं, माझा एक मित्र सगळं टिओवर करतो आणि त्याचं काही अडत नाही.

एक सांभाळायचं, परत जोडताना पोर्टचं नाव बदलू शकतं. टीटीवाययूएसबी० ज्याने धरून ठेवलाय तो सोडत नसेल तर तोच अडॅप्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून येतो. म्हणून डेव्हच्या आतल्या सीरियल, बाय-आयडी ह्या फोल्डरमधलं लांबलचक नाव वापरा, ते अडॅप्टरला बांधलेलं असतं. फक्त सीएच३४० चिपवाल्या स्वस्त अडॅप्टरना स्वतःचा सीरियल नंबर नसतो, दोन सारखे लावलेत तर नावं एकमेकांवर पडतात, तिथे बाय-पाथ वापरा, म्हणजे यूएसबीच्या कुठल्या भोकात लावलंय त्यावरून ओळख. दोन उपकरणं कायमची जोडायची असतील तर एफटीडीआय चिपवाला अडॅप्टर घ्या, थोडे पैसे जातात पण डोकं शांत राहतं.

आता रास्पबेरी पाय. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, पायमध्ये जाऊन पिकोकॉम किंवा टिओ चालवला आणि वायफायची रेंज गेली तर सेशनबरोबर प्रोग्रामही जातो. त्यासाठी आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम) चालू करून त्याच्या आत चालवा. टीमक्सची हाक कंट्रोल-बी, पिकोकॉमची कंट्रोल-ए, भांडण नाही. स्क्रीनच्या आत पिकोकॉम चालवलात तर दोघांनाही कंट्रोल-ए हवा, मग पिकोकॉमला डॅश ई देऊन दुसरं अक्षर द्यावं लागतं. हे झालं तुम्ही बघत असताना. पण रात्रभर समुद्रात, कोणी बघायला नाही, मध्येच व्होल्टेज बसून पाय स्वतःच रीस्टार्ट झाला तर टीमक्सही गेला आणि आतला टिओही गेला. म्हणून म्हटलं की तिथे टर्मिनल प्रोग्राम नकोच. पोर्ट जीपीएसडीच्या ताब्यात द्या, तो बूट होताना आपोआप सुरू होतो, एआयएससुद्धा त्याला कळतं, आणि जीपीएसपाइप नावाच्या त्याच्या सोबतच्या कमांडने कच्च्या ओळी फाइलमध्ये टाका, ती कमांड सिस्टमडीची (लिनक्समधले प्रोग्राम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिस करून ठेवा म्हणजे पाय कितीदा पडला तरी उठून परत लिहायला लागेल. मेमरी कार्ड भरेल ही भीती नको, ४८०० चा पाइप चोवीस तास भरून वाहिला तरी ४१ एमबीच्या आसपास. फक्त ओळीपुढच्या पायच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, त्यात घड्याळाची बॅटरी बसवलेली नसते आणि समुद्रात नेट नाही, त्यामुळे रीस्टार्टनंतर घड्याळ काहीही दाखवतं. आरएमसीच्या ओळीतच वेळ आणि तारीख असते ती धरा, ती यूटीसी असते, साडेपाच तास मिळवले की आपली.

बाकीचे पटकन. सीयू हा फार जुना, आजही चालतो, बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब, पण एसएसएचच्या आत असाल तर त्याने एसएसएचच तुटतं, टिल्ड दोनदा दाबावा लागतो. पायथनवाल्या पायसीरियलबरोबर मिनिटर्म येतो, कंट्रोल आणि बंद चौकोनी कंस दाबून बाहेर, पायथन असेल तर वाईट नाही. पुटी चांगला आहे, पण सीरियलला त्याचा फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफवर ठरलेला येतो, एनएमईएच्या साध्या ओळींना त्रास नाही, पण यूब्लॉक्स जीपीएसची बायनरी वाचायला गेलात तर मधले बाइट खातो, तो नन करून घ्या. एवढ्यासाठी विंडोज टाकायची मात्र काही गरज नाही. आणि लॅपटॉपवर काहीच नसेल तर एसटीटीवायने स्पीड आणि रॉ सेट करून कॅट पोर्टवर चालवा, ओळी दिसतात की नाही एवढं तरी कळतं, त्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

उबुंटूवर दोन अडथळे येतील ते आत्ताच सांगून ठेवतो. परवानगी नाही म्हणाला तर सुडो लावत बसू नका, स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. आर्चवर त्या ग्रुपचं नाव यूयूसीपी आहे. दुसरं, उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा अडॅप्टर लावला आणि तो दिसून लगेच गायब झाला तर डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, तिथे बीआरएलटीटीवायचं नाव असेल. तो ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम, अडॅप्टरला आपलाच समजून उचलतो. तुम्हाला लागत नसेल तर काढून टाका.

तर घरी वायफायवर बसून पिकोकॉम, टिओ, टीमक्स आणि पायवर जीपीएसडी एवढं टाकून ठेवा, मिनिकॉम आहे तो राहू दे पण फ्लो कंट्रोल बंद करून. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा नाखव्याची घाई नसते, एक जुना जीपीएस घेऊन हे सगळं एकदा टेबलावर करून बघा, पिना जोडायची चाचणीसुद्धा. आणि जनरेटरवर लॅपटॉप चार्जिंगला लावून बोटीच्या बॅटरीवरच्या सेटला जोडत असाल तर आयसोलेटेड (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा) अडॅप्टर घ्या, ग्राउंडच्या भानगडीत पोर्ट जळतात.

एआयएसचं मला अजून पक्कं सांगता येत नाही कारण अडॅप्टर कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याच्यावर आरएस २३२ लिहिलंय की टीटीएल, ३८४०० ला नेमकं काय दिसतं, आणि सेटच्या मागून निघणाऱ्या वायरींचे रंग मॅन्युअलमध्ये कशाला दिलेत, ए कुठली बी कुठली, एवढं टाका.